फ्लॉपीत अडकलेले आपले अक्षर

संगणकाचा आणि मोबाइलचा शौक असलेल्या माणसाला वस्तीत एक प्रश्न हमखास विचारला जातो, "दादा, नवीन मोबाइल कोणता घेऊ?" कुणाला कॅमेरा चांगला हवा असतो, कुणाला दोन दिवस टिकणारी बॅटरी. या प्रश्नांची उत्तरे दुकानदारही देतो. पण या यंत्रात आपण जे मराठी लिहू, ते वीस वर्षांनी कुणाला वाचता येईल काय, हे कुणी विचारीत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही.

वाचकहो, हा प्रश्न हवेतला नाही. १९९० नंतरच्या दशकात तालुक्या-तालुक्याला डी.टी.पी.ची दुकाने निघाली. खिळे जुळविण्याचे दिवस मागे पडले. जयंतीच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, आत्मकथने, लहान लहान साप्ताहिके संगणकावर जुळविली जाऊ लागली. ज्यांना कुठल्या मोठ्या प्रकाशकाने दारात उभे केले नसते, अशा शिक्षकांनी, गिरणी कामगारांनी, शाहिरांनी आपल्या पुस्तिका स्वतःच्या खर्चाने काढल्या. त्या छापील प्रतींपैकी काही वाळवीने खाल्ल्या, काही पुरात भिजल्या, काही घर बदलताना रद्दीत गेल्या. "पण फ्लॉपी आहे ना जपून ठेवलेली!" असे म्हणत कुणी कपाटातून प्लॅस्टिकचा डबा काढतो, आणि इथे खरी अडचण सुरू होते.

फ्लॉपी वाचणारे यंत्र नव्या संगणकात नसते. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी तयार करणे बंद केले. तरी यू.एस.बी.ला जोडायचे छोटे फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळते, म्हणजे हा अडथळा ओलांडता येतो. पुढचा अडथळा पेजमेकरचा. आपली बहुतेक जुनी पाने पेजमेकरमध्ये लावलेली आहेत आणि त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली निघाली. जुना संगणक असलेला एखादा दुकानदार गाठून फाइल उघडली, तर पडद्यावर दिसते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ! माणूस म्हणतो, फाइल खराब झाली. फाइल खराब झालेली नसते. तिच्यात मराठी कधी नव्हतेच.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. संगणक अक्षर साठवीत नाही, तो आकडा साठवितो. त्या काळी आकड्यांचे कप्पे इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेले होते. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजीच्या कप्प्यांवर त्यांनी मराठी अक्षरांची चित्रे बसविली. कृतिदेव या प्रसिद्ध फॉन्टमध्ये 'भारत' असे दिसते तेव्हा संगणकाच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. वरचा फॉन्टचा मुखवटा काढला की तीच उघडी पडतात. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. श्री-लिपीची मांडणी निराळी, आकृतीची निराळी. एका दुकानातील मजकूर दुसऱ्या दुकानात चालत नसे. गिऱ्हाईक त्याच दुकानदाराच्या दारी बांधलेले राही, हाही त्यातला एक हिशेब होताच.

गंमत अशी की, नियम नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालीच प्रसिद्ध केले होते. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर बरेच काम केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्या यादीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. 'क'चा क्रमांक २३२५. तो नागपूरच्या संगणकात २३२५, लंडनच्या संगणकात २३२५ आणि तुमच्या मोबाइलमध्येही २३२५. फॉन्ट कोणताही लावा, आत क तो कच राहतो. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय संगणकातच येऊ लागली. तिच्यासोबत येणारा 'मंगल' हा फॉन्ट आपल्याच मुंबईचे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला. म्हणजे सोय दारात येऊन उभी होती. पण छापखान्यांच्या आज्ञावलीत युनिकोड चालत नव्हते, म्हणून आणखी कितीतरी वर्षे आपला मजकूर मुखवट्यातच जुळत राहिला.

युनिकोडमध्ये तरी सगळे सुरळीत होते काय? तेही नाही. आपल्या मराठीच्या काही खास गरजा आहेत. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हा फरक हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. त्यासाठी 'ऱ' हे वेगळे अक्षर वापरून मग पाय मोडावा लागतो, आणि ते ठाऊक नसल्यामुळे आजही कितीतरी जण 'दर्या' लिहून डोंगरातल्या दऱ्या समुद्रात ढकलतात. 'ॲप', 'ॲडव्होकेट' यांतील 'ॲ' तर २००८ साली युनिकोडमध्ये आला. तोवर लोक 'अॅ' अशी जोडाजोडी करीत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे निसटते.

शोध हीच या साऱ्यातली मोठी गोष्ट. युनिकोडमध्ये जुळविलेल्या पाचशे पानांत आजोबांचे नाव टाका, ते कोणत्या पानावर आहे हे संगणक क्षणात सांगतो. मुखवट्यातल्या मजकुरात ते नाव जन्मभर सापडणार नाही. दुसरी गोष्ट आपल्या अंध बांधवांची. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एन.व्ही.डी.ए. नावाची आज्ञावली फुकट मिळते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ती सुरू केली. तिला मराठी वाचता येते. पण कृतिदेवमधली नोट समोर ठेवली तर ती बिचारी "एच के के जे आर" असेच वाचणार! स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अंध विद्यार्थिनीला कुणी प्रेमाने नोट्स पाठवाव्यात आणि तिच्या कानावर हे पडावे, हे चांगले नाही.

तेव्हा जुना मजकूर कसा सोडवावा? पहिले काम म्हणजे तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे याचा पत्ता लावणे. फॉन्टची फाइल मिळाली तर तीही सोबत जपावी. त्या त्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर मिळतात, बरीचशी फुकट. मात्र रूपांतर झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. टंकलेखन यंत्राच्या सवयीने जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होत असे, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. 'धर्म'मधला रफार जुन्या पद्धतीत 'म'नंतर येई, नव्यात 'म'च्या आधी. या उलटापालटीत साधन नेमके अडखळते. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून घरातल्या दोघांनी, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे, अशी तपासणी करावी. सुटीत कॉलेजची मुले हे काम हौसेने करतात. वेलांटी, रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य' यांवर विशेष नजर ठेवावी.

फ्लॉपीच नसेल, फक्त छापील स्मरणिका उरली असेल, तर मोबाइलने पानांचे फोटो काढावेत. गुगल लेन्ससारखे साधन फोटोतला मराठी मजकूर उचलून देते. छपाई स्वच्छ असेल तर काम चांगले होते. सायक्लोस्टाईलवर काढलेल्या पानांवर मात्र माणसालाच बसावे लागते.

छापखान्यांची सबब अजून ऐकू येते, "युनिकोड आमच्याकडे चालत नाही." हे आता खरे मानू नये. पाने लावण्याच्या इनडिझाइन या आज्ञावलीत २०१२ सालापासून देवनागरी युनिकोडची सोय आहे. मुक्तासारखे सुबक फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. अंक, स्मरणिका, पुस्तक छापायला देताना मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा आणि काम झाल्यावर मूळ फाइल आम्हाला द्यावी, या दोन अटी आधीच लिहून घ्याव्यात. पीडीएफ मिळाली म्हणजे सर्व मिळाले, हा समज आपल्या मंडळांत फार आहे.

टाईप करण्याविषयी थोडेसे. जुन्या एस.एम.एस.मध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावत आणि मराठी फक्त ७०. म्हणजे तेच बोलायला आपल्याला दोन संदेशांचे पैसे पडत. इंग्रजी लिपीत मराठी लिहिण्याची खोड तेव्हाच अधिक पक्की झाली असे मला वाटते. ती अडचण आता उरलेली नाही. इन्स्क्रिप्टची कळफलक मांडणी शिकायला सोपी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचे प्रमाणपत्र लागते, हे आमच्या भगिनींना ठाऊकच आहे. त्यांच्यापैकी एखादीने बचत गटाच्या चार जणींना बसवून शिकविले तरी पुष्कळ.

बोलून टाईप करण्याची सोय गुगलने मराठीत २०१७ साली आणली. शाळेतले मराठी ती बरे उतरविते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा झाडीबोलीत आजी बोलू लागली की मात्र यंत्र गडबडते, आणि आजीच्या शब्दाजागी स्वतःचा शब्द घालते. तेव्हा आजीला यंत्रासाठी भाषा बदलायला लावू नये. १९५६ साली नागपूरला पंधरा वर्षांची म्हणून गेलेली मुलगी आज ऐंशी ओलांडलेली आहे. तिचा आवाज आधी मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करावा, उतरविण्याचे नंतर पाहता येईल.

आता नव्या फॅशनविषयी. व्हॉट्सअॅपवर सुंदर रंगीत चित्रावर चार ओळी लिहून पाठविण्याची सध्या लाट आहे. चौदा एप्रिलला तर फोन भरून वाहतो. चित्रातली ही अक्षरे म्हणजे पुन्हा मुखवटाच. ती शोधात येत नाहीत. शिवाय बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये सर्रास फिरतात. चित्रात ग्रंथाचा खंड आणि पान दिलेले नसेल तर मी ते पुढे पाठवीत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड आहेत, पडताळून पाहता येते.

आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्नाला उत्तर देणाऱ्या यंत्रांचे वेड. अर्ज लिहायला, इंग्रजी पत्राचा अर्थ लावायला ती उपयोगी आहेत, विद्यार्थ्यांनी जरूर वापरावीत. पण आपल्या वसाहतीचा किंवा एखाद्या स्थानिक सत्याग्रहाचा इतिहास विचारून पाहा. यंत्र अगदी ऐटीत काहीतरी रचून सांगेल. जे त्याच्या वाचनात आले नाही ते त्याला ठाऊक कसे असणार? आणि आपले कितीतरी लिखाण तर त्या प्लॅस्टिकच्या डब्यात आहे.

ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी तो उघडावा. बुरशी धरलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, ती बाजूला काढावी. चांगल्या फ्लॉपीवरील सर्व फाइली आहेत तशा उतरवून घ्याव्यात, रूपांतर त्यांच्या प्रतीवर करावे, मूळ फाइलला हात लावू नये. फाइलच्या नावात साल, गाव आणि लेखकाचे नाव घालावे. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ईमेलमध्ये आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी.