विश्लेषण : वऱ्हाडच्या ४५ अंशांत उणे १९६ अंशांचा साठा कसा टिकतो?

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांपुढे सरकतो. त्याच दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पात्रात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते, आणि तेही विजेशिवाय. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाची सारी भिस्त या पात्रातील द्रवरूप नायट्रोजनवर, म्हणजे द्रवनत्रावर असते. हे पात्र कसे बनते, ते भरताना कोणती काळजी घ्यावी लागते आणि हयगय झाल्यास नुकसान कोणाचे होते, याविषयी…

द्रवनत्राची गरज कशासाठी?

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. हवा अतिथंड करून तिच्यातून तो द्रवरूपात वेगळा काढतात. हा द्रव उणे १९६ अंशांवरच उकळतो. वळूचे वीर्य ग्लिसरॉलसारखे संरक्षक द्रव्य मिसळून बारीक कांड्यांमध्ये भरले जाते आणि गोठवून या द्रवात ठेवले जाते. एका कांडीत साधारण पाव मिलिलिटर वीर्य मावते. इतक्या थंडीत शुक्राणूंमधील साऱ्या जैविक क्रिया थांबतात, त्यामुळे वळू मेल्यानंतरही अनेक वर्षे त्याची वासरे जन्माला येऊ शकतात.

वऱ्हाडाला याचे महत्त्व विशेष आहे. राज्यातील पैदास कार्यक्रमासाठी २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाचे मुख्यालय अकोल्यात थाटले गेले होते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातील पूर्णा खोऱ्याची पूर्णाथडी म्हैस ही नोंद झालेली देशी जात आहे. असे स्थानिक वाण टिकवायचे, तर त्यांच्या निवडक रेड्यांच्या रेतमात्रा जपणे हा एक हुकमी मार्ग ठरतो.

विजेशिवाय थंडी टिकते कशी?

हे पात्र थंडी निर्माण करत नाही. ते बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, इतकेच. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतीच्या मध्ये निर्वात पोकळी असलेले पात्र तयार केले. घरातला थर्मास त्याचाच वंशज. द्रवनत्राचे कंटेनरही याच तत्त्वावर चालतात.

उष्णता तीन वाटांनी आत शिरते. पोकळीतली हवा काढून घेतली, की हवेमार्फत येणारी उष्णता जवळपास बंद होते. प्रारणाने येणारी उष्णता अडवण्यासाठी आतल्या भांड्याभोवती चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल आणि त्यामध्ये काचतंतूंचा कागद असे अनेक थर गुंडाळलेले असतात. पोकळीत उरलेसुरले वायूचे रेणू शोषून घेणारे द्रव्यही ठेवलेले असते. तिसरी वाट म्हणजे धातूतून होणारे वहन. ती अडवण्यासाठी आतले भांडे बाहेरच्या भांड्याला कुठेही न टेकता केवळ मानेच्या आधाराने लटकवलेले असते.

अशी पात्रे राज्यातच, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत तयार होतात. पूर्वीच्या आयबीपी कंपनीचा हा क्रायोजेनिक विभाग २००७ मधील विलीनीकरणानंतर इंडियन ऑइलकडे आला.

पात्राची सर्वांत नाजूक जागा कोणती?

मान. ती धातूची केली, तर उष्णता सरळ आत उतरेल. म्हणून ती काचतंतूंच्या नळीची करतात आणि ॲल्युमिनियमला चिकटवतात. मान जितकी लांब आणि अरुंद, तितका द्रव कमी उडतो. पण कांड्यांचे डबे वर काढणे तितकेच अवघड होते. क्षेत्रीय कामासाठीची तीन लिटरची पात्रे आणि साठ्यासाठीची ३५ वा ५५ लिटरची पात्रे यांच्या रचनेत हाच तोल साधावा लागतो. शिवाय लहान पात्राचा पृष्ठभाग त्यातील द्रवाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे ते त्या प्रमाणात लवकर रिकामे होते. तीन लिटरच्या पात्रातून दिवसाला २०० मिलिलिटर द्रव उडाला, तर १५ दिवसांत तळ दिसेल. पात्र दुचाकीला बांधून खडबडीत रस्त्याने नेल्यास आणि झाकण वारंवार उघडल्यास हा अवधी आणखी घटतो.

पात्राचे बूच फोमचे आणि मुद्दाम सैल असते. एक लिटर द्रवनत्राचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर दाब वाढून पात्र फुटू शकते.

पात्र भरण्याची योग्य रीत काय?

रिकामे, गरम पात्र एकदम भरायचे नसते. आधी थोडासा द्रव ओतून भांडे थंड होऊ द्यावे लागते. या वेळी द्रव जोराने उकळतो. तो शांत झाल्यावर उरलेला भाग सावकाश भरतात. घाई केली, तर अचानक आकुंचन होऊन मानेच्या जोडाला तडा जाऊ शकतो. द्रव मानेबाहेर सांडणेही पात्राला घातक ठरते. एकदा जोड गळू लागला, की निर्वात पोकळी संपते आणि कंटेनर साध्या डब्यासारखा होतो. पात्राच्या बाहेरच्या अंगावर दव किंवा हिमाचा थर दिसू लागला, तर ते निकामी होत असल्याची ही पहिली खूण समजावी. त्यातील रेतमात्रा ताबडतोब दुसऱ्या पात्रात हलवाव्या लागतात.

भरताना गॉगल, सैल हातमोजे आणि बंद बूट आवश्यक असतात. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत तो साठला, तर ऑक्सिजन कमी होतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो.

पातळी कमी झाली तर काय बिघडते?

पातळी मोजण्यासाठी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची भरीव पट्टी काही सेकंद तळापर्यंत बुडवून बाहेर हलवतात. जिथपर्यंत हिम धरते, तिथपर्यंत द्रव. पोकळ नळी वापरल्यास तिच्यातून द्रव उसळून अंगावर येऊ शकतो.

पातळी खाली गेली, की कांड्या तापू लागतात. उणे १३० अंशांच्या वर गेल्यावर शुक्राणूंमधील बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढू लागतात आणि पेशींना इजा होते. नंतर नत्र काठोकाठ भरले, तरी झालेली हानी भरून निघत नाही. बिघडलेली कांडी आणि चांगली कांडी दिसायला मात्र सारख्याच असतात. कांडी शोधताना डबा मानेच्या वर धरून ठेवल्यासही हेच घडते.

याची किंमत पशुपालक मोजतो. रेतन होते, पैसे दिले जातात आणि साधारण २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते. दोष गाईच्या माथी मारला जातो. उन्हाळ्यात म्हशींचा माज आधीच मुका असतो. एक संधी हुकली, की पुढची ओळखता येईलच असे नाही. तोवर चाऱ्याचा खर्च सुरूच राहतो आणि दूध लांबणीवर पडते. बहुतांश मादी वासरेच जन्मावीत, यासाठीच्या लिंगविनिश्चित रेतमात्रा महाग असतात आणि त्यांत शुक्राणूही कमी असतात. तेथे हयगयीला जागाच उरत नाही.

रुग्णालयातील ऑक्सिजन टाकीचे काय?

तत्त्व तेच, पण टाकी दाबाखाली असते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो आणि एका लिटरपासून सुमारे ८५० लिटर वायू मिळतो. आतली टाकी स्टेनलेस स्टीलची, बाहेरची साध्या पोलादाची आणि मधल्या निर्वात जागेत परलाइटची भुकटी असते. टँकरमधून वरच्या बाजूने द्रव सोडला, तर टाकीतील वायू थंड होऊन दाब उतरतो. खालून सोडला, तर दाब चढतो. दोन्ही झडपांचा मेळ घालत रुग्णांकडे जाणारा दाब स्थिर ठेवावा लागतो. टाकी कधीही पूर्ण भरत नाहीत. वायूसाठी वर थोडी जागा राखतात. अशा टाक्यांना परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्णांचा बळी गेला. तेव्हा परिसरात पसरलेला पांढरा धूर ऑक्सिजनचा नव्हता. ऑक्सिजन वायू डोळ्यांना दिसत नाही; त्याच्या थंडीने गोठलेली हवेतील बाष्पे दिसतात. त्याच आठवड्यात विशाखापट्टणमहून भरलेले टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ राज्यात आली. तीन टँकर नागपुरात उतरवून ती बडनेरा, अकोला, भुसावळ या मार्गाने नाशिककडे गेली.

पशुपालकांनी काय पाहावे?

रेतनापूर्वी पात्रातील पातळी पट्टीने मोजून दाखवायला सांगावे. कांडी बाहेर काढल्यावर ती तळहातावर चोळून नव्हे, तर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे ३० सेकंद धरून वितळवली जाते का, हे पाहावे. कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक लिहून ठेवावा. एकाच पात्रातील रेतमात्रांनी गावातील अनेक गाई उलटत असतील, तर गाईंवर उपचार सुरू करण्याआधी ते पात्र तपासून घेण्याची मागणी दवाखान्याकडे करावी. द्रव भरल्याची तारीख आणि आठवड्याची पातळी यांची साधी नोंदवही प्रत्येक पात्राशेजारी असेल, तर बिघाड रेतमात्रा वाया जाण्याआधीच लक्षात येऊ शकतो.