इवल्या कवचांची साक्ष

सह्याद्रीच्या कड्यांकडे पाहिले, म्हणजे काळ्या कातळाचे थर पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचलेले दिसतात. प्राचीन काळी भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला आणि थिजून त्याचा हा कातळ बनला. हे केव्हा घडले? लाव्हारसाच्या दाहात जीवांचे अवशेष टिकत नाहीत. परंतु याच लाव्हारसाचे काही ओघ पूर्वेकडे शेकडो कोस वाहत जाऊन आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळ समुद्राला मिळाले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तेथे या प्रश्नाचा साक्षीदार सापडला.

हा साक्षीदार म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाचा एकपेशीय सागरी जीव होय. तो बहुधा वाळूच्या कणाएवढा असतो. त्याच्या बहुतेक जाती स्वतःभोवती चुन्याचे कवच बांधतात. जीव मेला, की कवच तळाच्या गाळात पुरले जाते आणि कालांतराने त्या गाळाचा खडक होतो. शास्त्रज्ञ असा खडक फोडून भिजवितात, बारीक चाळणीवर धुतात आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळतात.

या जीवांची प्रत्येक जाती ठरावीक काळच जगली. शिवाय पाण्यावर तरंगणाऱ्या जाती प्रवाहांबरोबर दूरदूरच्या सागरांत पसरल्या. म्हणून दोन देशांतील थरांत त्याच जाती आढळल्या, तर ते थर एकाच काळातील ठरतात. थरांचा क्रम कवचे सांगतात. वर्षांचा आकडा किरणोत्सारी द्रव्यांच्या मोजणीतून मिळतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर मोठा जीवसंहार झाला. त्यात डायनोसॉर नाहीसे झाले आणि तरंगत्या फोरॅमिनिफेरांच्या बहुतेक जातीही नष्ट झाल्या. पुढे नव्या, अगदी लहान जाती उदयास आल्या. राजमहेंद्रीजवळच्या खाणींत कातळाच्या दोन थरांमध्ये सागरी गाळाचा थर आहे. खालच्या कातळाला लागून असलेल्या गाळात याच नव्या जातींची कवचे आहेत, असे गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले. अर्थात खालचा कातळ त्या गाळाच्या आधीचा आणि वरचा नंतरचा. लाव्हारसाचा तो महापूर जीवसंहाराच्या सुमारास आला होता, हे यावरून दिसते. संहाराला ज्वालामुखी किती कारणीभूत आणि आकाशातून कोसळलेला अशनी किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्याचा निर्णय करताना या कवचांची साक्ष घ्यावीच लागते.

कवचे समुद्राची खोलीही सांगतात. काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात, काही उथळ समुद्राच्या तळाशी, तर काही खोल पाण्यात. तरंगत्या जाती किनाऱ्याजवळ थोड्या आणि खुल्या समुद्रात विपुल असतात. खालून वर जाताना थरांतील तरंगत्या जाती वाढत गेल्या, तर समुद्र भूमीवर चढत होता; खाडीतील जाती वाढल्या, तर तो मागे हटत होता. मात्र एका ठिकाणी समुद्र हटला, एवढ्यावरून साऱ्या जगात त्याची पातळी उतरली असे म्हणता येत नाही. नदीच्या गाळानेही किनारा पुढे सरकतो. म्हणून अनेक देशांतील एकाच काळाचे थर ताडून पाहावे लागतात, आणि ते एकाच काळाचे आहेत हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ पुन्हा या इवल्या कवचांकडेच वळतात.