डब्यात गोठलेला विमानाचा डोप

'डोप' म्हटले की आज खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्या आठवतात. विमानांच्या जगात मात्र डोप म्हणजे कापडावर चढवायचे रोगण. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमान कापडानेच मढवलेले होते. नुसते ताणून बसवलेले कापड वाऱ्यात फडफडते, पावसात सैल पडते. डोप वाळताना आकसतो आणि कापडाला ढोलकीच्या पुडीसारखा ताण देतो. त्यावरचे ॲल्युमिनियमची पूड मिसळलेले थर उन्हातील अतिनील किरण अडवतात.

टायगर मॉथ, पायपर कब किंवा आपले पुष्पक यांसारखी विमाने जतन करणाऱ्यांच्या गोदामात अशा रोगणाचे वर्षानुवर्षे पडून राहिलेले डबे निघतात. झाकण उघडावे तर आत दगड! हे महागडे रोगण टाकून द्यायचे की वाचवायचे, याचे उत्तर ते कशामुळे घट्ट झाले यावर अवलंबून आहे.

वाळलेला डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो; उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. नायट्रेट आणि ब्युटिरेट हे डोपचे दोन्ही प्रमुख प्रकार डिंकाच्या जातीचे. त्यांतील द्रावक उडून गेला की सेल्युलोजचा थर उरतो. योग्य द्रावक मिळाला की तो पुन्हा सुटतो. दोन घटक मिसळून लावायचे पॉलियुरेथेन मात्र अंड्याच्या जातीचे. त्यातील रेणू एकमेकांना कायमचे जखडले जातात, म्हणून त्याच्यावर थिनर ओतणे व्यर्थ. शंका असल्यास सुपारीएवढा तुकडा काचेच्या झाकणबंद बाटलीत त्याच जातीच्या थिनरमध्ये दिवसभर ठेवावा. पूर्ण विरघळला तर आशा आहे. नुसता फुगून जेलीसारखा लिबलिबीत राहिला, तर डबा सोडून द्यावा.

थिनरमध्ये काटकसर करू नये. बाजारातला स्वस्त थिनर फार झपाट्याने उडतो. त्यामुळे पृष्ठभाग थंड पडून हवेतील बाष्पाचे त्यावर पाणी होते आणि रंग पांढरट पडतो. पावसाळ्यात तर हे हमखास घडते.

ॲल्युमिनियमच्या थराच्या डब्यात बहुतेक वेळा द्रावण शाबूत असते, पूड तेवढी तळाशी बसून तिची वडी झालेली असते. अशा वेळी वरचे पातळ द्रावण दुसऱ्या डब्यात काढावे, तळाची वडी लाकडी पट्टीने फोडावी आणि काढलेले द्रावण थोडेथोडे परत ओतत घोटावे. शेवटी बारीक जाळीतून गाळावे. वरवर ढवळून रंग लावला तर पूड तळाशीच राहते, आणि पंखावरचे कापड उन्हापुढे उघडे पडते.

नायट्रेट डोपशी मात्र सलगी नको. तो गनकॉटनचा सौम्य भाऊबंद. वाळलेला खडा पोलादी पात्याने खरवडणे, डबा शेगडीवर ठेवणे किंवा साध्या विजेच्या ड्रिलने घुसळणे म्हणजे आगीला आमंत्रण. जुनाट नायट्रेटचे विघटन होऊन आम्ल तयार होते. डब्याच्या आतून गंज धरला असेल, रंग तपकिरी झाला असेल किंवा आंबूस, तिखट वास येत असेल, तर तो विरघळला तरी वापरू नये. ते आम्ल पुढे कापड कुजवते.

वाचवलेला रंग लाकडी चौकटीवर ताणलेल्या त्याच जातीच्या कापडावर लावून काही आठवडे पाहावा. ताण येतो का, थर सोलून निघतो का, घडी घातल्यास तडकतो का? या कसोटीला उतरलेला रंगसुद्धा, माझ्या मते, संग्रहालयातील विमानासाठी किंवा सरावाच्या चौकटीसाठीच ठेवावा. उडणाऱ्या विमानावर उत्पादकाने ठरवलेली मुदत उलटलेला डबा वापरू नये. पंखावरचे कापड हवेत फाटले तर वैमानिकाच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि तिथे वाचवलेल्या पैशांचा हिशेब कोणी मांडत नाही.

निकामी डबे गटारात किंवा कचऱ्यात टाकू नयेत. ते झाकण घट्ट लावून सावलीत, ठिणगीपासून दूर ठेवावेत आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेच्या स्वाधीन करावेत.