कढईखालचं जळण

मांजरसुंब्याहून केजच्या वाटेला लागलं की नेकनूर येतं. संत बंकटस्वामींचं नेकनूर. सप्ताहाच्या पंगतीसाठी भाताच्या नि आमटीच्या कढया चढल्या की चुलवणात ओंडक्यामागून ओंडके सरकवले जातात. हे गाव बालाघाटच्या पठारावरचं. तेच पठार भूम-वाशीकडे पोचलं की खव्याच्या भट्ट्यांचं होतं. तिथल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खव्याचं कौतुक सगळीकडे झालं. त्या कढईखाली काय जळतं, याची चर्चा मात्र क्वचितच होते. आणि झालीच, तर त्यात काही समजुती हमखास ऐकू येतात.

पहिली समजूत अशी, की उष्णतेचा प्रश्न थंड देशांचा. आपल्याकडे ऊन काय कमी आहे? पण उष्णता म्हणजे फक्त घर उबदार ठेवणं नव्हे. जगात शेवटी वापरली जाणारी निम्म्याच्या आसपास ऊर्जा उष्णता म्हणूनच खर्ची पडते, आणि त्यातला मोठा वाटा कारखाने आणि धंदे घेतात. वीटभट्टी, गुऱ्हाळ, दूध डेअरी, खवाभट्टी ही सगळी आपलीच की.

दुसरी समजूत जास्त खोल रुजलेली आहे. लाकूड झाडाचं, झाड पुन्हा उगवतं, मग त्याचा धूर निर्दोष. पण ओली बाभूळ तोडून वाळवली, दुपारभरात जाळली. तेवढी बाभूळ परत वाढायला कित्येक पावसाळे लागतात. तोड वाढीपेक्षा जास्त असेल तर हवेत गेलेला कार्बन परत झाडात येत नाही. आपला बीड जिल्हा तर राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. साखर कारखान्यातल्या उसाच्या चिपाडाची गोष्ट वेगळी, कारण ऊस वर्षा-दीड वर्षात पुन्हा उभा राहतो आणि चिपाड गाळपातून आपसूक निघतं. दोन्हींना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

आता खव्याचा हिशेब मांडून बघू. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की साधारण किलोभर खवा निघतो. दूध 30 अंशांवरून उकळीला आणायला जेमतेम 0.4 युनिट उष्णता लागते. त्यातलं चार लिटर पाणी वाफ करून उडवायला मात्र 2.5 युनिट. किलोभर सुक्या लाकडात चार युनिटांहून थोडी जास्त उष्णता असते. म्हणजे कागदावर पाऊण किलो लाकडात काम व्हायला हवं. पण उघड्या भट्टीजवळ उभं राहून पाहा. जाळ कढईच्या कडेने वर येतो, भिंत काळी होते, उलथणं फिरवणाऱ्याच्या पोटऱ्या भाजतात. आचेचा सहावा-सातवा हिस्साच दुधाला लागला असं धरलं, तर किलोभर खव्यामागे साडेचार किलो लाकूड जातं. बाकीची उष्णता त्या माणसाच्या अंगावर आणि आभाळात.

म्हणूनच ‘दूध आधी सोलरच्या गरम पाण्याने तापवून घेतलं की जळण निम्मं होईल’ ही आशाही खरी नाही. तापवण्याचा भाग मुळातच लहान आहे. खरी उष्णता खाते ती वाफ. साखर कारखान्यात हे कधीच ओळखलंय: एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्यातला रस तापवते, त्याची वाफ त्याच्या पुढच्या. तीच उष्णता चार-पाच वेळा कामाला येते. आपल्या जिल्ह्यातले किती तरी ऊसतोड कामगार ज्या कारखान्यांच्या दारात गाड्या रिकाम्या करतात, तिथे आत हेच चाललेलं असतं. कढईवरची वाफ मात्र आपण एकदाच वापरून सोडून देतो.

सोलर म्हणजे फक्त अंघोळीचं पाणी, असंही लोक म्हणतात. पण लातूरच्या महानंद डेअरीत 2006 मध्ये 160 चौरस मीटरची सूर्यामागे फिरणारी तबकडी उभी राहिली. दुधाच्या पाश्चरीकरणाला लागणारी उष्णता तिने पुरवली. आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आलेलं हे काम, आणि तेही मराठवाड्यातच. शिर्डीत 2009 पासून 73 तबकड्यांच्या वाफेवर साईभक्तांचा प्रसाद शिजू लागला. दिवसाला पन्नास हजार माणसांच्या जेवणाचा तो आराखडा होता. सप्ताहाच्या पंगतीला वाफ चालते. खव्याला कढईची थेट आच हवी म्हणतात, पण वाफेच्या दुहेरी भिंतीच्या भांड्यांतही खवा होतो.

विजेची शेगडी लावली की प्रश्न मिटला, हेही अर्धसत्य. परळीच्या औष्णिक केंद्रात तीन युनिट कोळशाच्या उष्णतेतून एक युनिट वीज निघते. तीच वीज कॉइलमध्ये घालून पुन्हा उष्णता केली, तर गॅसपेक्षा जास्त कार्बन होतो. दिवसा स्वतःच्या पॅनलची वीज असेल तर गणित बदलतं. आणि उष्णता पंप असेल तर आणखी बदलतं, कारण तो एक युनिट विजेवर आजूबाजूची उष्णता ओढून साधारण तीन युनिट देतो.

हे यंत्र परकं वाटत असेल, तर गावातल्या दूध संकलन केंद्रावर बल्क कूलरच्या मागे हात धरून बघा. कॉम्प्रेसरजवळून गरम झोत येतो. ती उष्णता मुख्यतः दुधातूनच काढलेली असते आणि ती वाऱ्यावर सोडली जाते. शेजारीच बाई कॅन धुवायला चुलीवर पाणी तापवत असते. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम वायूच्या वाटेत तांब्याची नळी आणि पाण्याची टाकी बसवली तर कॅन धुण्यापुरतं गरम पाणी त्यातूनच मिळतं. उष्णता पंपाचं तत्त्व हेच. फरक इतकाच, की तो मुद्दाम गरम करण्यासाठी चालवतात.

यात सर्वांत स्वस्त काम भट्टीचंच आहे. खाली जाळी, हवेला बेताचं तोंड, कढई बसेल एवढंच वर्तुळ, मागे धुराडं आणि भोवती माती-राखेचा जाड लेप. जाळ कडेने बाहेर पडला नाही, की साडेचार किलोचं लाकूड तीनवर येऊ शकतं. सौर तबकडीसाठी कर्ज, जागा नि अनुदान लागेल. भट्टीचं काम मात्र गावातला गवंडी दोन दिवसांत करील.