वासापायी

हापूस बाहेरून निर्मळ, केशरी, देठाशी घमघमणारा. कापला, तर गरात पांढुरक्या अळ्या वळवळतायत. साल तर धड आहे, मग या शिरल्या कुठून? शिरल्या नाहीतच, आतच जन्मल्या. आंबा झाडावर पाडाला लागला त्या सुमारास फळमाशीच्या मादीने पोटाच्या टोकाची टोकदार नळी सालीत खुपसली आणि अंडी आत सोडली. अंडं जेमतेम मिलिमीटरभर. टोचल्याची खूण म्हणजे एक बारीक ठिपका, तोही बहुतेकदा नजरेतून सुटणारा.

पुढचा प्रवास मात्र अचाट आहे. दोनेक दिवसांत अंडी फुटतात, अळी आठवडाभर गर खाते आणि मग चक्क उडी मारते. पाय नाहीत, तरी मारते! तोंडातल्या आकड्यांनी स्वतःचंच मागचं टोक पकडायचं, अंगाची कमान ताणायची आणि एकदम सोडून द्यायची. मग ती मातीत शिरून कोष करते. आठ-दहा दिवसांनी त्यातून निघणाऱ्या माशीच्या कपाळात एक पिशवी असते. ती फुगवून माशी कोषाचं टोपण उडवते, माती ढकलत वर येते. वर आल्यावर पिशवी कपाळात मिटते ती कायमची. जन्मात एकदाच लागणारं अवजार!

पण मला या माशीत सगळ्यात गुंतवून ठेवतं ते तिच्या नराचं वेड.

बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत फ्रँक हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास पळावेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरलं. सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाच्याच कुळातलं गवत. त्या वासावर माश्या मात्र झेपावून आल्या. हाउलेटनी पाहिलं तर त्या फळमाश्या होत्या आणि सगळे नर. 1912 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी तेलातला नेमका घटकही शोधला: मिथाइल युजेनॉल. आपल्या अंगणातल्या तुळशीतही हा घटक असतो. म्हणून फळमाशीचे नर कधीकधी तुळशीच्या पानांवर जमलेले दिसतात.

हा काही मादीचा वास नव्हे, मग नराला त्याचं एवढं काय? उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. नर मिथाइल युजेनॉल चाटतो, अंगात त्याचं रूपांतर करतो आणि गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठवतो. तिन्हीसांजेला पंख फडफडवून तो साठा हवेत सोडतो आणि त्या वासाने माद्या खेचल्या जातात. एकदा पोटभर चाटलं की काही आठवडे त्याचा भाव वधारलेला राहतो. शिवाय असा नर पालीला बेचव लागतो, हा वरचा फायदा. अत्तर लावून निघालेल्या नवरदेवाला त्याच अत्तराचं कवच मिळावं, तसं हे!

माणसाने नेमकं हेच हेरलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने बनवलेला ‘रक्षक’ सापळा कोकणातल्या बागांत लटकलेला दिसतो, त्यात मिथाइल युजेनॉलचं आमिष असतं. नर आत येतो आणि तिथेच मरतो. भराभर साचणारे नर पाहून बागायतदाराला बरं वाटतं. ते समाधान थोडं फसवं आहे. आंब्याला टोचणारी मादी त्या सापळ्याकडे फिरकतही नाही. शिवाय शंभरांतले नव्वद नर मेले, तरी उरलेले दहा भरपूर माद्यांना पुरतात. सापळा खरा उपयोगी पडतो तो जवळजवळ सगळेच नर संपले तर. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर 1960 च्या दशकात हे करून दाखवलं गेलं. आमिष आणि विष भिजवलेले छोटे तुकडे विमानातून पुनःपुन्हा टाकले आणि बेटावरून ही माशी नाहीशी झाली.

कोकण बेट नाही. एका बागेत सापळे आणि शेजारच्या बागेत नाहीत, तर तिकडे गाभण झालेली मादी गडगा ओलांडून येतेच. म्हणून सापळे गावाने मिळून लावायचे, तेही फळ पाडाला लागण्याआधी. आणि गळालेले, सडके आंबे रोज वेचून खोल पुरायचे, म्हणजे त्यातल्या अळीची माशी झालीच, तरी तिला एवढी माती ढकलून वर येता येत नाही.

एवढं करूनही एखादं अंडं आंब्यात राहून जातंच. मे 2014 मध्ये युरोपीय संघाने फळमाशीपायी भारतीय आंबा थांबवला होता, ती बंदी उठवण्याचा निर्णय जानेवारी 2015 मध्ये झाला. तिकडे जाणाऱ्या आंब्याला आता 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवण्याची प्रक्रिया करतात. तेवढ्या उष्णतेत अंडी आणि अळ्या मरतात, आणि आंबा मात्र नंतर नेहमीसारखा पिकतो.