गुरुवारचा बाजार आणि पन्नास रुपये

घासाघीस केल्याशिवाय घेतलेली भाजी आपल्याला गोड लागत नाही, हे आपण भगिनींनी एकदा मोकळेपणाने कबूल करून टाकायला हरकत नाही! दुकानात छापील किमतीचे पाकीट आपण निमूटपणे घेतो. तिथे ‘दोन रुपये कमी करा हो’ म्हणायची आपल्याला लाज वाटते. पण आठवडी बाजारात गोणपाट अंथरून बसलेल्या बाईपुढे उभे राहिलो की मात्र आपल्या अंगात नाना फडणीस संचारतो. ‘पंधराला दोन जुड्या दे, नाहीतर राहू दे’ असे म्हणून आपण दोन पावले पुढे जातो, आणि ती ‘या ताई, घ्या’ म्हणाली की विजयी मुद्रेने परत फिरतो.

मीही त्यातलीच. आमच्या तालुक्याच्या गावी गुरुवारचा बाजार भरतो. तिथे मेथी, शेपू, घेवडा घेऊन बसणारी एक मावशी माझ्या ठरलेल्या. एका गुरुवारी मी नेहमीप्रमाणे पाच रुपयांसाठी हटून बसले. मावशी रागावल्या नाहीत. जुडी पिशवीत टाकत एवढंच म्हणाल्या, “न्या ताई. सकाळी पन्नास गेलेच हायेत, त्यात हे पाच.”

“पन्नास कुठे गेले हो?” मी विचारलं.

त्यांनी जो हिशेब सांगितला तो ऐकून मी ती पिशवी तशीच हातात धरून उभी राहिले.

सकाळी साडेचारशे, संध्याकाळी पाचशे

मावशींचे स्वतःचे रान थोडेसेच. त्यात निघेल ती भाजी त्या आणतात, आणि बाकीची गावातल्याच मळ्यांतून रोखीने विकत घेतात. त्यासाठी बाजाराच्या दिवशी पहाटे पाचशे रुपये लागतात. गावात एकजण ते देतो, पण देतानाच पन्नास कापून साडेचारशे हातावर ठेवतो. संध्याकाळी बाजार उठला की त्याला पुरते पाचशे द्यायचे. पाऊस येवो, भाजी सुकून जावो, पाचशे म्हणजे पाचशे!

घरी आल्यावर मी वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका बाजाराला पन्नास, तर वर्षाच्या बावन्न बाजारांचे 2,600 रुपये. म्हणजे पाचशे रुपये दिवसभर वापरायला मिळावेत म्हणून ही बाई वर्षाला सव्वीसशे रुपये मोजत होती. तेच पाचशे एखाद्या बचत गटातून शेकडा दोन रुपये महिना या दराने वर्षभर वापरले असते, तर व्याज झाले असते 120 रुपये!

याखेरीज जाण्यायेण्याचे भाडे, बाजारात बसण्याची पावती, दिवसभराचा एक चहा. या सगळ्यांतून जे उरेल ते मावशींचे. आणि त्या उरलेल्यातूनच आपण आपले पाच रुपये ओढून घेत असतो.

बायकांनीच बँक काढली

ही काही एका मावशींची कथा नव्हे. गावोगावच्या भाजीवाल्या, बांगडीवाल्या, कोंबड्या-अंडी विकणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांची अडचण साधारण अशीच असते. अंगात कष्ट आहेत, हातात कसब आहे, पण सकाळचे भांडवल नाही. ते थोडके असते म्हणून मोठी बँक लक्ष देत नाही, आणि सावकार मात्र लगेच देतो.

या अडचणीवर बायकांनीच तोड काढल्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. माडगूळकर बंधूंच्या लेखनातून आपल्या ओळखीचा झालेला माणदेश हा दुष्काळी मुलूख. सातारा जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वरचा धो धो पाऊस, तर दुसऱ्या टोकाला माण तालुक्यात पाण्यासाठी वणवण. तिथल्या म्हसवड गावात 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मुंबईत वाढून लग्नानंतर म्हसवडला आलेल्या चेतना सिन्हा यांनी गावच्या बायकांना बरोबर घेऊन ती उभी केली. निमित्त झाले ते लोहारकाम करणाऱ्या एका बाईचे. पावसाळ्यापूर्वी पालावर घालायला ताडपत्री घ्यायची म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पण एवढ्या लहान बचतीचे खाते उघडायला बँक तयार नव्हती.

बायकांनी स्वतःच्या बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा परवाना पहिल्या खेपेस नाकारला गेला. कारण काय, तर अर्जदारांपैकी बऱ्याचजणी सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या! बायका परत आल्या, त्यांनी लिहिण्यावाचण्याचे वर्ग चालवले आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ‘आम्हाला वाचता येत नव्हतं, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो,’ अशा अर्थाचे त्यांनी सांगितले, आणि या वेळी परवाना मिळाला. तोंडी हिशेबाची ही करामत आपण दर बाजारी पाहतोच की! आपण मोबाईलवर आकडे दाबेपर्यंत समोरच्या बाईने चार भाज्यांची बेरीज करून सुटे पैसे हातावर ठेवलेले असतात.

बचत गटांची चळवळही अशीच वाढली. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स्थापन झाले. नाबार्डने 1992 साली देशातले पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आपल्या राज्यात 2011 पासून ‘उमेद’ अभियानाने गावोगावच्या गटांना हात दिला. आज ज्या गावी जाल तिथे एखादा तरी गट पापड, मसाले, चटण्या, हातशेवया, नाचणीचे पदार्थ करताना दिसतो. त्यांना आता गरज आहे ती गिऱ्हाइकाची. आणि गिऱ्हाईक म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच!

दया नको, खरेदी हवी

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावच्या बायकांचा माल ‘बिचाऱ्या आहेत’ म्हणून घेऊ नका. दयेपोटी घेतलेले पापड डब्यात तसेच राहतात आणि पुढच्या वर्षी आपण तिकडे फिरकत नाही. त्यापेक्षा पारखून घ्या आणि नेमाने घ्या.

1959 साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशभर पोहोचले. पहिल्या दिवशी झाले अवघे चार पुडे. पण धंद्यात तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्या चार पुड्यांना त्या दिवशी गिऱ्हाईक मिळाले, म्हणून पाचवा पुडा लाटला गेला, एवढे आपण लक्षात ठेवले तरी पुरे.

तर आपल्या घरच्या व्यवहारात काय करता येईल?

बेगमीचा माल आधी सांगून ठेवा. पापड, कुरडया, सांडगे उन्हाळ्याच्या कडक उन्हातच होतात. होळीच्या आधीच कुणाला किती हवे ते गटाला कळवले, तर त्या डाळ-तांदूळ बेताने भरतात आणि माल पडून राहत नाही. शेजारच्या चार घरांची मागणी एकत्र केली तर आणण्याचा खर्चही वाचतो.

उधारी ठेवू नका. ‘पुढच्या वेळी देते हं’ हे आपल्या लेखी सहज असते, पण त्या बाईचे दुसऱ्या दिवसाचे भांडवल त्यात अडकते. सुटे पैसे बरोबर न्या. आता पुष्कळजणींकडे मोबाईलवरून पैसे घेण्याची सोय असते, तीही विचारून पाहा.

पारख करा आणि खोट असेल तर तोंडावर सांगा. पापडाची मागणी देण्याआधी एखादा तळून किंवा भाजून पाहा. हळद पूड घेण्याऐवजी हळकुंडे घेऊन गिरणीतून दळून आणा, म्हणजे भेसळीची शंका उरत नाही. गूळ फार पिवळाधमक दिसला म्हणजे तो चांगलाच, असे समजू नका. साधा तपकिरी गूळ दिसायला कमी असला तरी चवीला चांगला असू शकतो. बंद पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख आहे का, हे बघा. नसेल तर गटाला तसे सांगा. मीठ जास्त झाले, पिशवी फुटली, हेही सांगा. मुंबईतल्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनात गटांचा माल एकत्र पाहायला मिळतो. तिथे आवडलेल्या गटाचा फोन नंबर आठवणीने लिहून आणा, म्हणजे ओळख वर्षभर टिकते.

आणि घासाघीस? ती अजिबात सोडा असे मी म्हणणार नाही. भाव जास्त वाटला तर जरूर विचारा. पण संध्याकाळी बाजार उठताना, भाजी परत नेणे परवडत नाही हे ओळखून पाडून मागणे, हे काही खरे नव्हे.

आमच्या आळीतला प्रयोग

आता मावशींचे पुढे काय झाले ते सांगते. माझा तो हिशेब मी दुपारी आळीतल्या मैत्रिणींना दाखवला. आम्ही पाचजणींनी प्रत्येकी शंभर काढले आणि पुढच्या गुरुवारी मावशींच्या हाती पाचशे ठेवले. अट एकच. त्या माणसाकडून घ्यायचे नाहीत, आणि त्याला जे पन्नास जात होते ते दर बाजारी एका डब्यात टाकायचे. डब्यात पाचशे साठले की आमचे पाचशे परत.

तीन बाजार नीट गेले. चौथ्या गुरुवारी मावशींची जागा रिकामी. पाचव्या गुरुवारीही रिकामीच! आमच्यातली एक म्हणाली, “गेले गं पैसे. सांगत नव्हते मी?” खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. शंभर रुपयांचं काही नव्हतं, पण आपण फसलो असं वाटून जीव चडफडत होता.

सहाव्या गुरुवारी मावशी आल्या. नातवाला दवाखान्यात ठेवलं होतं. मला पाहताच त्यांनी कमरेच्या पिशवीतून गुंडाळलेल्या नोटा काढून दाखवल्या. “तुमचे पाचशे हायेत ताई. दवाखान्याला लई लागले, पर याला हात न्हाई लावला. डबा मातुर रिकामा झाला.”

मला त्या क्षणी मान वर करवेना. डब्यातले दीडशे गेले होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. त्यानंतर सलग दहा बाजार भरले आणि दहाव्या गुरुवारी मावशींनी आम्हा पाचजणींना शंभर-शंभर परत दिले. आम्ही ‘राहू द्या’ म्हणालो, तर म्हणाल्या, “नगं. आता माजं भांडवल माज्या डब्यात हाय. लागलं तर मागंन की!” अलीकडे त्या गावच्या बचत गटातही जाऊ लागल्या आहेत.

आम्ही काही दान केलं नाही. आमचे पैसे आम्हाला परत मिळाले, भाजीही ताजी मिळत राहिली. आणि सावकाराकडे जाणारे ते पन्नास रुपये आता गावातच गिरणीवाल्याकडे, शिंप्याकडे, नातवाच्या वह्या-पुस्तकांकडे जातात. गावचा पैसा गावात फिरतो तो असा.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बाजाराला पिशवी घेऊन निघाल की आपल्या ठरलेल्या भाजीवालीला एकदा सहज विचारा, “मावशी, सकाळचं भांडवल कुठनं आणता हो?” उत्तर ऐकून घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडा. आणि मग आळीतल्या चौघींना हाक मारा.