गोमंतकीय दैवतांचे स्थलांतर

पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यातील हिंदूंनी धार्मिक छळाच्या काळात आपली दैवते शेजारच्या राज्यांच्या हद्दीत नेऊन तेथे त्यांची पुनःस्थापना केली, ती ऐतिहासिक घटना. हे स्थलांतर मुख्यतः सोळाव्या शतकात घडले. स्थलांतरित देवालये ही विखुरलेल्या समाजाच्या परस्परसाहाय्याची केंद्रे बनली. गोव्यात मागे राहिलेले, सीमेपलीकडे गेलेले आणि सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या किनारपट्टीवर स्थायिक झालेले लोक त्यांच्यामुळे एकमेकांशी बांधलेले राहिले.

पार्श्वभूमी : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली आणि १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी हे महाल त्यांच्या ताब्यात आले. तिसवाडीतील देवालये १५४० च्या सुमारास, तर सासष्टीतील देवालये मुख्यत्वे १५६७ मध्ये पाडण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झाले. त्याचा अधिकार प्रामुख्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. मात्र धर्मांतरास अडथळा आणणारे किंवा नवख्रिस्त्यांना पूर्वधर्माकडे वळविणारे हिंदूही त्याच्या कक्षेत येत. सार्वजनिक पूजाविधी, विवाह व मुंज यांवर निर्बंध आल्याने हे संस्कार हद्दीबाहेर जाऊन करावे लागत. पितृहीन हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्मशिक्षणासाठी मिशनऱ्यांच्या स्वाधीन करावे, अशी राजाज्ञा १५५९ मध्ये निघाली. परिणामी अनाथ मुलाचे पालन हा आप्तेष्टांच्या दृष्टीने धर्मरक्षणाचा प्रश्न झाला. अशी मुले लपविणे व सीमेपलीकडील नातलगांकडे पोहोचविणे हे त्या काळातील परस्परसाहाय्याचे एक अत्यंत जोखमीचे रूप होते, कारण असे साहाय्य करणारास शिक्षा होई.

स्थलांतर : जुवारी नदीपलीकडील अंत्रूज महाल (फोंडा) त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. मुसलमान राजवटीच्या या मुलखात हिंदू दैवतांना आश्रय मिळाला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवडे परिसरात आणि रायची कामाक्षी शिरोड्यास गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराची स्थापना डिचोली महालातील नार्वे येथे झाली. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. दैवतांपाठोपाठ पुजारी, सेवेकरी आणि भाविकांची कुटुंबेही गेली. इतर अनेक कुटुंबे दक्षिणेस कारवार-मंगळूरकडे व उत्तरेस तेरेखोल नदी ओलांडून कुडाळ-सावंतवाडीच्या मुलखात उतरली.

महाजनांची व्यवस्था : देवालयाचे संस्थापक मानल्या गेलेल्या कुटुंबांना महाजन म्हणतात. महाजनपद गावातील वास्तव्यावर नव्हे, तर कुळावर अवलंबून असल्याने मूळ गाव सोडलेल्यांचाही देवालयावरील हक्क व त्याच्या खर्चाची जबाबदारी कायम राहिली. लग्नकार्यानंतर कुलदेवतेच्या दर्शनास जाणे, नवस फेडणे, उत्सवाचा खर्च वाटून घेणे व यात्रेकरूंना अग्रशाळांत उतरवून घेणे या प्रथांनी दूर गेलेल्या कुटुंबांची एकमेकांशी वारंवार भेट होई. पुढे १८८६ च्या नियमावलीने पोर्तुगीज शासनानेही या महाजनसंस्थांना कायद्याचे रूप दिले.

मालवण-वेंगुर्ले किनाऱ्याचा वाटा : स्थलांतरित दैवतांना आरंभी साध्या वास्तूंत राहावे लागले. त्यांची आजची भव्य देवालये बव्हंशी अठराव्या शतकातील असून ती उभारण्यात गोव्याबाहेर मराठी राज्यात पुढे आलेल्या भाविकांचा मोठा वाटा होता. वेंगुर्ल्याजवळील कोचरे गावचे नारोराम रेगे हे छत्रपती शाहूंच्या दरबारी मंत्री होते. त्यांच्या खटपटीने शांतादुर्गेचे देवालय १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले व १७३९ मध्ये कवळे गाव देवीस इनाम मिळाला. त्याच वर्षी रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या प्रयत्नाने पेशव्यांकडून मंगेशीचे गाव देवालयास मिळाले. छळाच्या प्रारंभानंतर पावणेदोनशे वर्षांनीही देशत्याग केलेल्या समाजातील सधन व्यक्ती कुलदैवताच्या द्वारा स्वजनांच्या पाठीशी उभ्या राहत होत्या, हे यावरून दिसते.

ख्रिस्ती समाज : धर्मांतरितांनाही या राजवटीची झळ लागली. इन्क्विझिशनपुढे उभे केलेल्यांत एतद्देशीय ख्रिस्त्यांचा मोठा भरणा होता. १७३६ च्या जाहीरनाम्याने तुळस लावणे, विवाहप्रसंगी पानसुपारी व फुले वाटणे, ओव्या गाणे अशा कौटुंबिक चालीरीतींवरही त्यांना बंदी घातली. अनेक ख्रिस्ती कुटुंबांनीही गोवा सोडला. सावंतवाडी, वेंगुर्ले व मालवण येथील कॅथलिक समाजाचे मूळ बव्हंशी गोव्यातच असून, त्यांच्यासाठी २००५ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. एकाच भूमीतून निघालेले दोन्ही धर्मांचे लोक अशा रीतीने एकाच किनाऱ्यावर शेजारी झाले.

उत्तरकाल : १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, परंतु या नव्या मुलखात लोकांचे धर्माचार व देवालये यांना अभय देण्यात आले. त्यामुळे ज्यांच्यापासून वाचण्यासाठी दैवते हलविली होती, त्यांच्याच राज्यात ती पुन्हा येऊनही सुरक्षित राहिली. इन्क्विझिशन १७७४ मध्ये स्थगित झाले, काही वर्षांत पुन्हा सुरू झाले व १८१२ मध्ये कायमचे संपुष्टात आले. हिंदूंवरील शेंडीकर १८४० मध्ये रद्द झाला आणि १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर त्यांना समान नागरी हक्क मिळाले.

मूळ गावाशी असलेले नाते सर्वस्वी तुटले नाही, याची साक्ष कुंकळ्ळी गाव देते. १५८३ मध्ये तेथे पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळणे येथे ठार करण्यात आले. गावची शांतादुर्गा फातर्प्यास हलविली गेली. तरीही दरवर्षी फाल्गुनात बारा वांगडांच्या बारा छत्र्या मिरवीत देवीची स्वारी फातर्प्याहून कुंकळ्ळीतील मूळ स्थानी येते. या बारा वांगडांत पुढे ख्रिस्ती झालेली कुळेही मोडतात.